घमेलंभर पाणी

१२ एप्रिल २०१६ला पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरच्या स्टेशनात शिरली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ‘जलदूत’ असं तिचं नाव. त्या उन्हाळ्यात शहरातल्या पाणवठ्यांवर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. रात्र रात्र घागरींच्या रांगेत काढलेली माणसं या जिल्ह्यात घरोघरी आहेत. त्यांच्यापुढं बदकपालनाचा विषय काढायचा म्हणजे आधी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तो मला सरळच विचारला. “सर, हितं माणसाला प्यायला न्हाई, अन् बदकाला तळं कुठून आणू?”

प्रश्न रास्त आहे. बदक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं तळंच येतं. ग. दि. माडगूळकरांच्या बालगीतानं ते तळं आपल्या मनात इतकं पक्कं करून ठेवलं आहे, की तळ्याशिवाय बदक आपल्याला दिसतच नाही. पण घरापुरती सहा-आठ बदकं पाळायची असतील तर तळं लागत नाही. पोहण्याची सोय झाली तर बदक खूश असतं, नाही झाली तरी ते जगतं, वाढतं आणि अंडी देतं. त्याला लागतं ते चोच आणि डोकं पुरतं बुडेल एवढं पाणी, म्हणजे पाच-सहा इंच खोल. आपल्याकडचं बांधकामाचं घमेलं या कामाला नेमकं पुरतं.

घमेल्याजवळ पाच मिनिटं बसून पाहिलं की हे लगेच पटतं. ज्वारीचा भरडा पुढ्यात टाकला की बदक दोन-तीन घास घेतं आणि तुरुतुरु पाण्याकडं पळतं. चोच बुडवतं, मान झटकतं, परत भरड्याकडं येतं. पुन्हा दोन घास, पुन्हा पाणी. पाहणाऱ्याला वाटतं हा पक्षी नुसता सांडासांड करतोय. खरं कारण चोचीत आहे. बदकाच्या चोचीला आतून कंगव्यासारखे बारीक दात असतात. त्यांतून पाणी बाहेर जातं आणि किडे, दाणे, शेवाळ आत राहतं. आपल्या कवींनी हंसाला दूध आणि पाणी वेगळं करणारा ठरवलं. तसं कुठल्याच पक्ष्याला जमत नाही, पण पाण्यातून अन्न निवडून घेणारी ही चाळणी ज्यानं कोणी पहिल्यांदा नीट पाहिली असेल, त्याला तशी कल्पना सुचली तर नवल नाही. कोरडं पीठ मात्र या कंगव्यात चिकटून बसतं, नाकपुड्या बुजतात, घास घशाखाली उतरत नाही. म्हणून खाणं आणि पाणी हातभर अंतरावर असावं लागतं आणि भरडा शिंपडून ओलसर केलेला असावा लागतो.

डोळ्यांचंही तसंच आहे. कोंबड्यांच्या प्लॅस्टिकच्या भांड्यातून पाणी पाजलेली बदकं काही दिवसांत डोळे मिटून बसायला लागतात. पापण्यांना फेस येतो, कडा चिकटतात. लोक याला रोग समजून थेंब आणायला जातात. त्यांना खोल भांडं द्या, ती स्वतः डोकं बुडवून डोळे धुतात आणि बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत मोकळी होतात.

आता हिशोब. आठ बदकांना दोन घमेली, दिवसातून दोनदा बदललेली, म्हणजे साधारण चाळीस लिटर पाणी झालं. उन्हाळ्यात एक दुभती म्हैस एकटी पन्नास लिटरच्या वर पिते. म्हशीबद्दल आपल्याकडं कोणी हा प्रश्न विचारत नाही. शिवाय घमेल्यातलं पाणी संपत नाही, ते घाण होतं. त्यात विष्ठा, चिखल, सांडलेला भरडा असतो, म्हणजे ते पातळ खतच असतं. घमेली शेवग्याच्या नाही तर लिंबाच्या आळ्याशेजारी ठेवावीत आणि तिथंच पालथी करावीत. नांदेडजवळ अर्धापूरकडं ज्यांची केळी आहेत त्यांना तर हे सांगावंही लागत नाही. घमेल्याची जागा दर आठ-दहा दिवसांनी बदलली म्हणजे एकाच ठिकाणी राड होत नाही. ही राड टाळणं महत्त्वाचं, कारण पाण्याचा पक्षी असूनही बदकाला झोपायला जागा कोरडीच लागते. कोंबडी दांडीवर बसते, बदक जमिनीवर बसतं. खाली ओल असेल तर पाय सुजतात आणि अंडी घाण होतात. बदकाच्या विष्ठेत पाणीच फार असतं, म्हणून खुराड्यातली गादी कोंबडीच्या दुप्पट वेळा हलवावी लागते, वरून कोरडा तूस किंवा भुसकट टाकावं लागतं. पाणी खुराड्यात ठेवू नये, बाहेर ठेवावं. रात्री खाणं आत नसेल तर पाणीही नको.

साठलेलं पाणी मात्र घमेल्याइतकं भरवशाचं नसतं. एप्रिल-मे महिन्यात गावतळी आटतात, मधे हिरवट डबकं उरतं, त्यात मेलेले मासे, एखादं कुत्रं. अशा कुजक्या, गरम चिखलात बॉटुलिझमचं विष तयार होतं. ते विष मेलेल्या जनावरावरच्या अळ्यांमधे साठतं आणि बदकाला अळ्या फार आवडतात. आधी पाय जातात, मग मान लुळी पडते. पक्षी शुद्धीवर असतो, पण मान उचलू शकत नाही, आणि पाण्यात असेल तर तसाच बुडून मरतो. म्हणून उन्हाळ्यात बदकं गावतळ्यावर सोडू नयेत, घरच्या ताज्या पाण्यावर ठेवावीत. दुसरा धोका शेततळ्याचा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर आपल्या भागात शेततळी भरपूर झाली आणि त्यांतल्या कितीतरी तळ्यांना प्लॅस्टिकचा कागद आहे. बदकाचं पिल्लू त्यात उतरतं, पण उताराच्या गुळगुळीत कागदावरून त्याला वर चढता येत नाही. ते दमून बुडतं. सोडायचीच असतील तर मोठीच सोडा, आणि काठाला बांधलेलं, पाण्यात उतरणारं जुन्या पोत्याचं किंवा काथ्याचं पायघडं ठेवा. माणसाचं लेकरू पडलं तर त्यालाही त्याचाच आधार होतो.

कुठलं बदक पाळायचं? अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात उली नावाचं गाव आहे. तिथल्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंकडं भरपूर अंडी देणारी रनर जातीची एक बदकी होती, पण अंगानं सडसडीत. घरच्यांना मांसही हवं होतं. म्हणून त्यांनी तिचा संकर रुआँ जातीच्या नराशी केला आणि पुढं निवड करत करत एकोणिसावं शतक संपता संपता ही जात उभी केली. परसातल्या बदकांची गोष्ट परसातच सुरू झाली याचं मला अप्रूप वाटतं. तिचा रंग मळकट पिवळा, म्हणून नाव खाकी. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. ‘खाक’ म्हणजे धूळ हे उर्दू कानावर असलेल्या नांदेडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. उत्तम निगेत ही बदकी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. परसात, घरच्या दाण्यावर, आकडा त्याच्या बराच खाली राहतो, हे धरूनच चालावं. मांसासाठी पांढरी पेकिन. ती दीड-दोन महिन्यांत दोन किलोच्या वर जाते.

मराठवाड्याच्या उन्हात मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो मस्कोवीवर. तोंडावर लाल पुळ्यांचं कातडं, अंग काळं-पांढरं, आवाज जवळजवळ नाहीच. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. बाकी सगळी पाळीव बदकं नीलशिर या रानबदकापासून आली, हे एकच वेगळ्या घराण्याचं. त्याला पाणी कमी लागतं आणि ते गवत, माश्या, नाकतोडे वेचत फिरतं. त्याची मादी स्वतःची अंडी स्वतः निष्ठेनं उबवते, पस्तीस दिवस. कॅम्पबेल अंड्यांवर बसतच नाही म्हटलं तरी चालेल. मस्कोवी उडते मात्र, म्हणून एकाच बाजूच्या पंखाची मोठी पिसं कातरून ठेवावी लागतात. मस्कोवीचा आणि साध्या बदकाचा संकर होतो, पण ती पिल्लं खेचरासारखी वांझ निघतात. पुढं वाढवण्यासाठी ती ठेवू नयेत.

पिल्लं मिळणं ही खरी अडचण आहे. परसातल्या कुक्कुटपालनाच्या सरकारी योजना गिरिराज, वनराज अशा कोंबड्यांभोवती फिरतात, बदक त्यांत क्वचितच येतं. केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र बंगळूरजवळ हेसरघट्टा इथं आहे. लाल कंधारी आणि देवणी या दोन गोवंशांना ज्या तालुक्यांनी आपली नावं दिली, त्या भागातल्या माणसाला जनावराची पारख शिकवावी लागत नाही. पण बदकात इथं कोणी तेवढं लक्ष घातलेलं नाही, आणि ते घातलं जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. आसामच्या ‘पाती’ बदकाची देशी जात म्हणून नोंद झाली, काश्मीरच्या पाळीव हंसाची ‘अंज’ या नावानं झाली. दोन्ही गरिबांच्या परसात टिकून राहिल्या होत्या.

एक गोष्ट मात्र करू नका. हिवाळ्यात आपल्या धरणांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक उतरतात. अडई आणि हळदी-कुंकू बदक तर इथलीच, तळ्याकाठी घरटी करणारी. त्यांची अंडी किंवा पिल्लं उचलून आणणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

कॅम्पबेल उबवत नाही, मग पिल्लं कशी काढायची? घरची खुडूक कोंबडी असतेच. माझ्या मावशीच्या शेतातल्या आखाड्यावर, कंधारकडं, मी हे लहानपणी पाहिलं. तिनं डालग्यात एका गावरान कोंबडीखाली बदकाची नऊ अंडी बसवली. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाचं अठ्ठावीस. त्यामुळं कोंबडीला सात दिवस जादा बसावं लागतं आणि तेवढ्यात ती उठायला बघते. मावशी रोज एकदा तिला हातानं उतरवून दाणापाणी खाऊ घालायची आणि तेवढ्या वेळात अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवायची. बदकी रोज ओल्या अंगानं घरट्यावर येते, कोंबडी कोरडीच बसते. ती ओल न मिळाल्यास कवचाखालचा पापुद्रा चिवट होतो आणि पिल्लू आतच अडकतं. हे तिला कोणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. तिच्या सासूनं सांगितलं होतं.

सात पिल्लं निघाली. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंबडी त्यांना घेऊन विहिरीच्या पाटाकडं गेली. पाणी दिसताच सातही पिल्लं एकामागं एक पाटात उतरली आणि वाहत्या पाण्यात फिरायला लागली. कोंबडी काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. पिसं फुगलेली, आवाज फाटलेला. एकदा ती पाण्यात पाय घालून परत मागं आली. मी ओरडलो, “मावशी, बुडूलालेत की पिल्लं!” मावशी हसली नाही. हातातलं टोपलं टाकून धावत आली आणि पिल्लं काढायला पाटात उतरली. तेव्हा मला वाटलं तीही माझ्यासारखीच घाबरली. पुढं कळलं ते असं. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. बदक चोचीनं ते तेल पिसांना लावतं, म्हणून पाणी अंगाला धरत नाही. नुकत्या निघालेल्या पिल्लाला आईच्या पोटाखाली बसून तिच्या पिसांतलं तेल मिळतं. कोंबडीखालच्या पिल्लाला ते मिळत नाही. ते पोहतं, पण भिजतं, गारठतं आणि मरतं. मावशीनं सातही पिल्लं पदरात पुसली आणि चुलीजवळ पाटीत ठेवली. एक गेलं, सहा वाचली. कोंबडीखाली किंवा बल्बखाली वाढलेल्या पिल्लांना पिसं फुटेपर्यंत, महिनाभर तरी, पोहायला सोडू नये. पिण्याच्या ताटलीतही खडे टाकावेत, म्हणजे चोच बुडते आणि अंग भिजत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं हळूहळू कमी. आपल्याकडं पावसाळा सरता सरता, भाद्रपदाच्या सुमारास पिल्लं आणणं मला सोयीचं वाटतं. किडे-गवत असतं, ऊन ओसरलेलं असतं आणि पाचव्या महिन्यात अंडी सुरू होतात तेव्हा थंडी असते.

खाण्याच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. ज्वारीची कणी, तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी, परसातला घोळ, केना, लसूणघास, शेवग्याचा पाला. ज्याच्याकडं अझोल्याचा वाफा असेल त्यानं बदकांपुढं तो मुठीनं टाकून पाहावा. मात्र आपल्याच दोन पिकांशी जपून वागावं लागतं. पहिलं सोयाबीन. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग असतात, म्हणून कच्चे दाणे भरडून घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनांचं पचन रोखतो. पोट भरतं आणि पिल्लू वाढत नाही. दाणे भाजून किंवा शिजवून घालावेत, नाही तर गिरणीतली पेंड वापरावी.

दुसरी भुईमुगाची पेंड. १९६० साली इंग्लंडमधे एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता संशयाचं बोट ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडं गेलं. पेंडीवरच्या बुरशीचं विष सापडलं, त्यालाच आज आपण अफ्लाटॉक्सिन म्हणतो. ते ओळखायला सुरुवातीला प्रयोगशाळेत बदकाची एक दिवसाची पिल्लं वापरत, कारण इतक्या थोड्या विषानं यकृत बिघडणारा दुसरा पक्षी त्यांना ठाऊक नव्हता. हे मी वाचलं ते उशिरा. त्याआधी एका पावसाळ्यात पेंडीचं पोतं मी गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वरचा थर चांगला दिसत होता. अकरा पिल्लं आठवडाभरात गेली, शेवटी शेवटी ती पाय मागं ताणून पडायची. त्याच पोत्यातलं खाऊन कोंबड्या मात्र हिंडत होत्या, म्हणून माझा संशय पेंडीवर गेलाच नाही. बुरशीचा वास आला, गाठ झाली, रंग बदलला की पेंड फेकून द्या. जनावराच्या दावणीतही टाकू नका, ते विष दुधात उतरतं.

पिल्लांच्या पायांचं एक सांगून टाकतो. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. कोंबडीच्या खाद्यावरच वाढवलं तर पाय धनुष्यासारखे वाकतात. गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर यीस्ट रोज मिसळलं तर हे टळतं.

आता गोगलगाय. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सोयाबीनचे उगवते कोंब शंखी गोगलगायींनी रात्रीतून कापून नेले. शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली, तीही गोगलगायींनी खाल्ली. पहाटे बॅटरी घेऊन बायका-माणसं शेतात गोगलगायी वेचत होती, बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकत होती. सरकारला त्या नुकसानीसाठी वेगळी मदत द्यावी लागली. तेव्हापासून मला सारखं विचारलं जातं, बदकं गोगलगाय खातात ना? खातात. दक्षिण आफ्रिकेत एका द्राक्षमळ्यात हजारावर रनर बदकं रोज गोगलगायी वेचायला सोडतात, माणसं ते बघायला जातात. पण आपल्याकडची मोठी शंखी गोगलगाय मुठीएवढी होते. ती बदकाच्या घशात जात नाही. बदक खातं ती अंडी आणि नखाएवढी पिल्लं, तीही बांधावर, पालापाचोळ्याखाली. आणि कोवळं सोयाबीन बदकाच्याही पायाखाली तुडवलं जातं. म्हणून पेरणीच्या आधी आणि पीक उभं राहिल्यावर, बांधाच्या कडेनं, सकाळी दोन तास बदकं फिरवणं हा उपयोग मला खरा वाटतो. आठ बदकांनी चार एकरांचा बंदोबस्त होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि ज्या शिवारात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या आहेत तिकडं बदकं अजिबात नेऊ नका. त्या गोळ्या बदकालाही मारतात.

हंसाचं थोडं वेगळं आहे. आपल्या आखाड्यांवर, ढाब्यांवर ‘राजहंस’ म्हणून जो पांढरा, कपाळावर नारिंगी गाठ असलेला पक्षी दिसतो तो बहुतेक चिनी जातीचा पाळीव हंस असतो. जायकवाडीवर हिवाळ्यात तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, ज्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, तो रानपक्षी. त्याचा या पाळीव हंसाशी संबंध दूरचा. हंस हा चरणारा पक्षी आहे. हराळी उपटून खाण्यात शेळीसारखा. अमेरिकेच्या दक्षिण भागात, तणनाशकं सर्रास होण्याआधी, कापसाच्या शेतात गवत काढायला हंस सोडत. कापसाचं रुंद पान ते टाकतात, गवत तेवढं खातात. नांदेडच्या कापूसवाल्याला हे ऐकून उत्साह येतो, पण आजच्या फवारलेल्या कापसात कुठलाही पक्षी सोडणं म्हणजे त्याला विष घालणं. फळबागेत, जिथं फवारा नाही, तिथं मात्र दोन-चार हंस खुरपणीचा बराच त्रास वाचवतात. ज्वारीत सोडू नका, ज्वारी हे गवतच आहे.

राखण हंस मन लावून करतो. स्कॉटलंडमधे डम्बार्टन गावी बॅलंटाइन कंपनीच्या व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९पासून पन्नास वर्षांहून जास्त काळ हंसांचा कळप पहाऱ्याला होता. कुत्रं भाकरीच्या तुकड्याला भुलतं, हंस भुलत नाही. अनोळखी पाऊल वाजलं की मान लांब करून तो असा ओरडतो की आखाडा जागा होतो. साप येत नाहीत अशी समजूत आहे. साप येतात, हंस ओरडून सांगतो एवढंच. तेवढंही रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला पुष्कळ झालं. हंसीण हंगामाला तीस-चाळीसच अंडी देते, म्हणून अंड्यांसाठी कोणी हंस पाळू नये. तो जोडीनं राहतो आणि वीस वर्षं जगतो. लहान मुलांना तो चावतो, पंखानं मारतो. घरात रांगतं मूल असेल तर मी हंस आणू देणार नाही.

आणि आता सगळ्यात जबाबदारीची गोष्ट. फेब्रुवारी २००६मधे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१मधे परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, पाठोपाठ अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीचं नाव आलं. जानेवारी २०२५मधे उदगीर शहरात कावळे पटापट पडायला लागले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात नांदेडच्या लोहा तालुक्यात किवळ्यालाही कोंबड्यांमधे तो सापडला. म्हणजे हा रोग आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

या रोगाचा विषाणू मुळात पाणपक्ष्यांचा. रानबदकांच्या आतड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि विष्ठेतून पाण्यात जातो. कोंबडीला लागला तर ती दोन दिवसांत मरते. बदक मात्र पुष्कळदा तो अंगात बाळगून हिंडत राहतं, खातं-पितं, अंडी घालतं, आणि आजारी दिसतच नाही. बदकाचा काटकपणा आपण कौतुकानं सांगतो. मानमोडीनं कोंबड्यांचं खुराडं रिकामं होतं तेव्हा शेजारची बदकं ठणठणीत असतात, हे खरंच आहे. पण तोच काटकपणा इथं कोंबड्यांच्या आणि माणसांच्या मुळावर येतो. म्हणून बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात, एका घमेल्यावर ठेवू नका. जागा नसेल तर दोन्हींतलं एकच पाळा. हिवाळ्यात रानबदकं उतरतात त्या धरणावर, नदीच्या डोहावर आपली बदकं नेऊ नका. घमेल्यातलं पाणी यासाठीही चांगलं, त्यात रानपक्षी उतरत नाही. कावळे मेलेले दिसले, दोन-चार पक्षी अचानक गेले, तर उघड्या हातानं उचलू नका, कापून खाऊ नका, नाल्यात फेकू नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा. कळवलं तर आपले पक्षी मारतील या भीतीनं लोक गप्प बसतात. बाधा झाल्यास किलोमीटरभराच्या परिघातले पक्षी मारतात हे खरं, आणि त्याची भरपाईही मिळते. डोळ्यांदेखत पक्षी जाताना बघणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. पण गप्प राहिलेल्या घराची किंमत अख्खं गाव मोजतं.

बदकाची अंडीही पूर्ण उकडूनच खावीत. ती ओल्या जमिनीवर घातलेली असतात, कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. अर्धवट शिजलेलं हाफ फ्राय या अंड्याचं नको. अंडं मोठं, सत्तर ग्रॅमच्या घरातलं, बलक भरपूर. काहींना वास उग्र लागतो. कांदा-लसणाच्या रश्श्यात मला तो जाणवत नाही.

रोजचं काम फार नाही. बदकं जवळजवळ सगळी अंडी सकाळी नऊच्या आत घालतात, म्हणून तोवर खुराडं उघडायचं नाही. उघडलं तर अंडी सरीत, कडब्याच्या गंजीखाली, पाटात, कुठंही मिळतात आणि बहुतेक मुंगसाला मिळतात. उचलायचं झालं तर कोंबडीसारखं पायाला धरू नका. बदकाचे पाय कच्चे असतात, मोडतात. एक हात पोटाखाली, पंख अंगाशी दाबून. सहा माद्यांना एक नर पुरे. मस्कोवी सोडून बाकीच्यांत नर ओळखायचा तर शेपटीवरची वर वळलेली दोन-तीन पिसं बघावीत, नाही तर आवाज. गडगडून ओरडते ती मादी, नराचा आवाज बसलेला असतो.

संध्याकाळी दिवस कलला की बदकं आपोआप ओळीनं परत येतात. दार मात्र माणसानंच लावायचं असतं, आणि लावण्याआधी मोजायचं असतं. बदक सहसा झाडावर चढत नाही, रात्री नीट पळत नाही, रानमांजराला एक फट पुरते. औशाच्या त्या शेतकऱ्यानं पुढच्या पावसाळ्यात सहा मस्कोवी आणल्या. मी गेलो तेव्हा तो दारात उकिडवा बसून मोजत होता, चार, पाच, आणि सहावी अजून शेवग्याच्या आळ्यात, पालथ्या घातलेल्या घमेल्याच्या ओलीत चोच खुपसून उभी होती. तो उठला, एक हात तिच्या पोटाखाली घातला आणि तिला आत नेऊन सोडलं.